उड्या मारणारे चाक

फळ्यावर लिहिताना खडू जरासा उभा धरून पुढे ढकलीत नेला, तर अखंड रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. खडू क्षणभर फळ्याला चिकटतो, हाताचा रेटा वाढताच सुटतो, पुढे उडतो आणि पुन्हा चिकटतो. चिकटणे आणि सुटणे यांचा हा खेळ इतक्या झपाट्याने चालतो, की कानाला नुसती टरटर ऐकू येते. अमेरिकेत मोटारींच्या पाव मैलाच्या शर्यती ज्या सरळ धावपट्ट्यांवर होतात, तेथेही आरंभरेषेच्या पुढे अशीच ठिपक्यांची माळ पुष्कळदा दिसते. फरक एवढाच, की तेथे खडूच्या जागी रबरी टायर असतो, फळ्याच्या जागी डांबर असते, आणि टरटरीच्या जागी गाडीच्या पाठीमागून हातोड्याचे घाव पडावेत तशी धडधड येत असते. काळा पट्टा अखंड न उमटता हात-दीड हाताच्या तुकड्यांनी उमटला, म्हणजे जाणत्यांनी समजावे, की ह्या गाडीचे मागचे चाक रस्त्यावरून फिरले नाही, ते उड्या मारीत गेले. इंग्रजीत ह्या व्याधीला व्हील हॉप असे नाव आहे. मराठीत तिला चाकाची उसळी म्हणता येईल.

ही उसळी म्हणजे केवळ कानाला होणारा उपद्रव नव्हे. सेकंदाला दहा-पंधरा वेळा टायर सुटतो आणि पकडतो, तेव्हा प्रत्येक पकडीबरोबर इंजिनाची सारी गती एका झटक्याने थांबविली जाते. तो झटका सांध्यासांध्यांतून मागेपुढे धावतो. चाकांना फिरविणारे दांडे पिळवटून तुटतात, डिफरन्शियलच्या दातेरी चक्रांचे दात उडतात, आणि प्रसंगी गाडीच्या सांगाड्याचा पत्राच फाटतो. शर्यत तर हरतेच, कारण हवेत असलेले चाक गाडीला पुढे ढकलू शकत नाही. म्हणून ह्या व्याधीवरील उपायांचा शोध गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहे, आणि त्यातील सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे मागच्या आसाला धरून ठेवणाऱ्या दांड्या बदलणे. कारखान्याच्या भाषेत ह्या दांड्यांना कंट्रोल आर्म म्हणतात. उपाय वरवर पाहता सोपा आहे: पातळ पत्र्याच्या दांड्या काढाव्यात, भक्कम पोलादी बसवाव्यात. परंतु ह्या सोपेपणातच त्याचा धोका आहे.

प्रथम हा प्रश्न मुळापासून पाहिला पाहिजे. बैलगाडीच्या आखाला एक सुख असते. त्याला कोणी तरी ओढीत असते. जू बैलांच्या मानेवर, ओढ बैलांच्या पायांत. चाके आपली निमूटपणे फिरतात. मोटारीच्या मागच्या आसाचे तसे नाही. तेथे चाकच रस्त्याला मागे रेटते आणि गाडीला पुढे ढकलते. आता न्यूटनचा नियम असा, की एका वस्तूला पीळ दिला की पीळ देणाऱ्यालाही तितकाच उलटा पीळ बसतो. डिफरन्शियलमधील चक्रे चाकांना पुढच्या दिशेने फिरवू लागली, की ज्या पोकळ पोलादी नळ्यांत ती चक्रे आणि दांडे बसविलेले असतात, त्या नळ्यांचे घर स्वतः उलट्या दिशेने फिरू पाहते. त्याचे पुढचे टोक, म्हणजे इंजिनाकडून आलेला शाफ्ट ज्या जागी जोडलेला असतो ते नाक, वर उचलले जाऊ लागते. त्याला कोणी तरी घट्ट धरून ठेवले नाही, तर चाके जागीच राहतील आणि आसाचे घरच गरगर फिरेल.

हा पीळ केवढा असतो? फोर्ड कंपनीच्या १९८७ सालच्या मस्टँग गाडीचा हिशेब करून पाहावा. पाच लिटरच्या तिच्या इंजिनाची शक्ती २२५ अश्वशक्ती आणि पीळ ३०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलोग्रॅम-मीटर असा नोंदविलेला आहे. पहिल्या गिअरमध्ये तो ३.३५ पट होतो, आणि मागच्या आसाचे गुणोत्तर ३.०८ धरले तर तेथे पुन्हा तितका पट. म्हणजे आसापर्यंत पोहोचेतो तो दसपटीहून अधिक झालेला असतो. टायरची त्रिज्या साधारण एक फूट एक इंच. तेव्हा रस्त्यावर पडू पाहणारा रेटा सुमारे १३०० किलोग्रॅमचा होतो. सारी गाडीच मुळी साडेचौदाशे किलोग्रॅमच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून कमी वजन मागच्या चाकांवर. गाडी सुटताना मागे झुकते आणि मागचे वजन थोडे वाढते हे खरे, तरीही साधा रस्त्यावरचा टायर ह्या रेट्याच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग पेलील, त्यापलीकडे नाही. हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून एवढे कळते, की अशा गाडीचा क्लच एकदम सोडला तर टायर घसरणारच. प्रश्न घसरण्याचा नाही. तो सुरळीत घसरतो की उड्या मारीत घसरतो, हा आहे.

जुन्या गाड्यांत आसाला धरून ठेवण्याचे काम पोलादी पाट्यांच्या कमानीच करीत. एकावर एक रचलेले हे पाटे आपल्याकडील ॲम्बॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाड्यांखाली वाकून पाहणाऱ्यांना परिचित होते. मालमोटारींखाली ते आजही आहेत. गाडीचे वजन पेलायचे, खड्ड्यांचे धक्के सोसायचे, आस जागेवर ठेवायचा आणि त्याचा पीळही अडवायचा, ही चारही कामे एकाच कमानीने करावयाची. इंजिन लहान असेतोवर तिने ती केलीही. परंतु अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात मध्यम आकाराच्या गाड्यांत प्रचंड इंजिने बसविण्याची चढाओढ सुरू झाली आणि कमानीचा धीर सुटला. पीळ आला की तिचा पुढचा भाग एका अंगाला आणि मागचा दुसऱ्या अंगाला वाकू लागे, सरळ कमानीला नागमोडी आकार येई. टायर सुटताच ती झटक्याने सरळ होई, आणि चाक आदळे.

शेव्हरोलेची कॅमारो गाडी १९६७ च्या मॉडेलवर्षात आली तेव्हा तिच्या मागे प्रत्येक बाजूस अनेक पाट्यांऐवजी एकच पाटा होता, आणि धक्के शोषणारे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर आसाच्या एकाच बाजूला, पुढे होते. ही गाडी उसळीसाठी इतकी प्रसिद्ध झाली, की पुढच्याच वर्षी कंपनीने एक शॉकॲब्सॉर्बर आसाच्या पुढे व दुसरा मागे अशी तिरपी मांडणी केली आणि जोरदार इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांच्या कमानी दिल्या. युक्ती साधी होती. आस पुढे-मागे पिळू लागला की एक शॉकॲब्सॉर्बर दाबला जाणार आणि दुसरा ताणला जाणार. दोघेही विरोध करणार. कॅरोल शेल्बी ह्यांनी १९६५ साली मस्टँगवरून जी शर्यतीची गाडी सिद्ध केली, तिच्यात आसाच्या वरच्या अंगास दोन जादा दांड्या बसविल्या होत्या. क्रायसलरच्या अभियंत्यांनी आणखी वेगळा विचार केला. त्यांनी आस कमानीच्या मध्यावर न ठेवता पुढे सरकविला. त्यामुळे कमानीचा पुढचा तुकडा आखूड आणि ताठ झाला, तो जवळजवळ दांडीसारखाच वागू लागला, आणि मागचा लांब तुकडा मऊपणे धक्के सोसण्यास मोकळा राहिला. शिवाय आसाच्या नाकावर एक रबरी ठोकळा ठेवला, की नाक वर आलेच तर तो गाडीच्या तळाला टेकून अडेल. एक पैशाचा यांत्रिक डामडौल न करता साधलेली ही गोष्ट त्या काळातील सर्वांत शहाणी म्हणावी लागेल.

कमानीवर पडणारी चार कामे वेगळी करावी, हा विचार मात्र अधिक टिकाऊ ठरला. जनरल मोटर्सने १९६४ साली शेव्हेल, टेम्पेस्ट, कटलास, स्कायलार्क ह्या भावंडगाड्यांना नवा सांगाडा दिला, त्यात वजन पेलण्यासाठी मळसूत्री स्प्रिंगा होत्या आणि आस धरण्यासाठी चार दांड्या. दोन खालच्या, साधारण गाडीच्या लांबीला समांतर. दोन वरच्या, आखूड आणि तिरप्या. खालच्या दांड्यांनी रेटा गाडीकडे न्यावयाचा, वरच्यांनी आसाचे नाक दाबून धरावयाचे, आणि त्यांच्या तिरपेपणामुळे आस आडवा सरकणार नाही असेही पाहावयाचे. फोर्डची मस्टँग १९७८ पर्यंत पाट्यांवर राहिली. १९७९ च्या नव्या मस्टँगमध्ये तीही चार दांड्यांवर आली.

ह्या दांड्यांवर कोणती शक्ती येते हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. गाडी सुटते तेव्हा खालच्या दांड्या दाबल्या जातात आणि वरच्या ताणल्या जातात. वरच्या दांड्या आसाला पुढे खेचीत असतात, म्हणून खालच्यांना केवळ गाडी ढकलण्याचा रेटाच नव्हे, तर त्याशिवाय वरच्यांचा ताणही सोसावा लागतो. अर्थात खालच्या दोन दांड्यांवरील दाब गाडीला पुढे नेणाऱ्या एकूण रेट्याहूनही अधिक असतो. आता कारखान्याने ह्या दांड्या कशाच्या केल्या? पातळ पोलादी पत्रा साच्यात दाबून त्याची पन्हळ बनविली, तिच्या दोन्ही टोकांस भोके पाडली आणि त्यांत रबरी बुश ठोकले. पन्हळीचा एक दोष असा, की ती ताणात उत्तम, वाकविण्यास बरी, परंतु पिळण्यास अत्यंत दुबळी. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घेऊन पाहावे. झाकण काढलेले खोके हाताने सहज पिळता येते. तेच झाकण चिकटवून बंद केले की पिळता येत नाही. पत्र्याची जाडी ३ मिलिमीटर आणि पन्हळीची बाजू ५० मिलिमीटर धरून गणित केले, तर चौथी बाजू बंद केल्याने पिळाला होणारा विरोध शेकडो पटींनी वाढतो. दाबाखाली पन्हळ अंगाला पीळ घेऊन बाजूला वाकू पाहते. बंद पेटी तसे करीत नाही. म्हणून अमेरिकेतील हौशी कारागिरांनी प्रथम जो उपाय केला तो अगदी घरगुती होता: पन्हळीच्या उघड्या तोंडावर पट्टी ठेवून वेल्डिंग करून टाकायचे. अशा बंद दांड्या काही जोरदार मॉडेलांना कारखान्यातूनही मिळत.

पण दांडी कितीही ताठ असली, तरी तिच्या टोकाला रबर आहे ना! उसळीतील खरा अपराधी पुष्कळदा हे रबर असते. बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी, मध्ये दोहोंना चिकटविलेले रबर, अशी ह्या बुशाची रचना. आपल्याकडील गॅरेजांतून ह्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात, आणि त्या नावातच त्याचे काम सांगितलेले आहे: रस्त्याचा आवाज गाडीत येऊ न देणे. ते काम तो चोख करतो. परंतु मोठा पीळ आला की चार दांड्यांचे आठ बुश थोडेथोडे दबतात, आणि आस काही अंशांनी मागे फिरतो. रबर स्प्रिंगसारखे वागते. दाबली गेलेली शक्ती साठवून ठेवते आणि टायर सुटताच परत फेकते. शॉकॲब्सॉर्बर उभे, आणि आसाचे हे फिरणे आडवे. त्यामुळे त्यांना त्यात फारसे काही करता येत नाही. फोर्डने १९८४ साली मस्टँगच्या जोरदार गाड्यांवर ह्यासाठीच आडवे झोपविलेले दोन जादा शॉकॲब्सॉर्बर बसविले. ही मलमपट्टी होती, पण योग्य जागी लावलेली.

तेव्हा रबर काढून त्याजागी काही कठीण घालावे, हा विचार ओघानेच येतो. जर्मनीत १९३७ साली ऑटो बायर ह्यांनी शोधलेल्या पॉलियुरेथेन ह्या पदार्थाचे बुश आज सर्रास मिळतात. ते रबराहून बरेच ताठ असतात, तेलाने सडत नाहीत आणि स्वस्तही असतात. बंद पेटीची दांडी आणि पॉलियुरेथेनचे बुश अशी जोडी खाली बसविली, की बहुतेक गाड्यांची उसळी लक्षणीय कमी होते. येथपर्यंत सारे ठीक आहे. येथेच थांबले तर उत्तम. परंतु ज्याने खालच्या दांड्या बदलल्या त्याला वरच्याही बदलाव्याशा वाटतात. दोन ताठ दांड्यांनी गुण आला, तर चारांनी दुप्पट येईल, असा हिशेब मनुष्य करतो. आणि तो हिशेब चुकतो.

तो कसा, हे पाहण्यासाठी गाडी वळणावर न्यावी लागेल. वळणावर गाडी एका अंगाला कलते. आसाच्या दृष्टीने त्याचे एक चाक वर आणि दुसरे खाली जाते. अशा वेळी चार दांड्यांची टोके आपापल्या वर्तुळांवर फिरू पाहतात, परंतु तिरप्या वरच्या आणि सरळ खालच्या दांड्यांची वर्तुळे एकमेकींशी जुळत नाहीत. एका दांडीला आस जेथे हवा, तेथे तो असावा हे दुसरीला मान्य नसते. हे भांडण मिटविते कोण? तेच मऊ रबर. आस कलताना रबर दबते, ताणले जाते, पिळले जाते, आणि पत्र्याची पन्हळही अंगाला थोडा पीळ घेऊन वाट करून देते. म्हणजे ज्या दुबळेपणाला उसळीचे कारण म्हणून हद्दपार करावयाचे, तोच वळणावर गाडीचा तारणहार असतो. कारखान्याने पत्र्याची पन्हळ आणि मऊ रबर केवळ काटकसरीसाठी वापरले अशी जी समजूत आहे ती अर्धवट खरी आहे. काटकसर होतीच, पण त्या काटकसरीत भूमितीची सोयही होती.

सर्व आठ जागी कठीण बुश घातले म्हणजे आस अडकतो. काही अंशांपर्यंत गाडी कलते, मग एकाएकी तिचे मागचे अंग खांबासारखे ताठ होते. वळणावर आतल्या चाकाचे वजन जाते, बाहेरच्या टायरवर सारा भार एकदम पडतो, आणि पाठीमागून पूर्वसूचना न देता गाडी फिरते. कोरड्या धावपट्टीवर सरळ जाणाऱ्या शर्यतवाल्याला हे कधी कळतही नाही. परंतु तीच गाडी घेऊन पावसात कामावर निघालेल्याला ते फार वाईट वेळी कळते. उसळी मारणारी गाडी निदान धडधडून इशारा देत होती. म्हणून मस्टँगवर वर्षानुवर्षे काम केलेल्या जाणकारांचा सांगावा असा, की खालच्या दांड्या ताठ कराव्यात, वरच्यांचे आसाकडील रबर मऊच ठेवावे. ज्यांना वरही ताठपणा हवाच असेल, त्यांनी टोकाला गोलाकार बेअरिंग असलेली दांडी घ्यावी. ती लांबीच्या दिशेने तसूभर हलत नाही, पण सर्व अंगांनी वळू शकते. तिचा खडखडाट मात्र सोसावा लागतो, आणि धूळ-चिखलाने ती लवकर झिजते. तिसरा मार्ग म्हणजे आसाला आडवे धरण्याचे काम वरच्या दांड्यांकडून काढून घेऊन पॅनहार्ड दांडीकडे देणे. फोर्डने २००५ च्या मस्टँगमध्ये हेच केले: वरच्या दोन तिरप्या दांड्यांऐवजी मध्यावर एकच सरळ दांडी आणि आडवी पॅनहार्ड दांडी. दांड्यांचे भांडण मुळातच मिटले.

दांड्यांच्या ताठपणाइतकाच महत्त्वाचा त्यांचा कल असतो, आणि ह्याकडे विकत घेणाऱ्याचे लक्ष क्वचितच जाते. गाडीकडे बाजूने पाहावे आणि वरची व खालची दांडी ह्यांच्या रेषा पुढे वाढवीत न्याव्यात. जेथे त्या एकमेकींना छेदतात, त्या बिंदूतून आस गाडीला ढकलतो आहे असे समजावे. हा बिंदू योग्य उंचीवर असला, तर सुटताना गाडीचे मागचे अंग बसत नाही आणि टायर रस्त्यावर दाबला जातो. आता पुष्कळ हौशी मंडळी गाडी दिसायला रुबाबदार व्हावी म्हणून आखूड स्प्रिंगा घालून ती खाली आणतात. गाडी खाली येते, आस मात्र होता त्याच उंचीवर राहतो. त्यामुळे खालच्या दांडीचे पुढचे टोक उतरते आणि तो बिंदू भलतीकडे जातो. सुटताना गाडी मागे बसू लागते, टायरवरील दाब हवा तसा वाढत नाही, आणि पूर्वी नसलेली उसळी उत्पन्न होते. त्यावर इलाज म्हणून आसाला एक जाड पोलादी पट्टी जोडून दांडीचे मागचे टोक दीड-दोन इंच खाली घेण्याची व्यवस्था मिळते. तिच्यात बहुधा दोनतीन भोके असतात. सर्वांत खालचे भोक सर्वांत चांगले असे मानून बोल्ट तेथे घालण्याची प्रवृत्ती असते. पण कल फार वाढला तर ब्रेक लावताना उलट परिणाम होतो आणि चाक ब्रेकखाली उड्या मारू लागते. सुटतानाची व्याधी थांबतानाकडे गेली, एवढाच लाभ!

आणखी एक गोष्ट. आसापर्यंत येणारा धक्का रबर गिळीत होते. रबर गेले की तो धक्का पुढच्या दारी जातो. १९७९ नंतरच्या मस्टँगमध्ये दांड्यांची पुढची टोके गाडीच्या तळाशी पत्रा दुमडून केलेल्या पेट्यांना जोडलेली असतात. जोरदार इंजिनांच्या गाड्यांत ह्या पेट्यांचे वेल्डिंगचे टाके उसवून पत्रा फाटल्याची उदाहरणे इतकी आहेत, की त्या पेट्यांना आतून-बाहेरून पोलादी ठिगळ लावण्याचे तयार संचच बाजारात मिळतात. दांड्या बदलण्यापूर्वी गाडीखाली दिवा घेऊन ह्या पेट्यांच्या कडा तपासाव्यात. रंगाला तडा गेलेला दिसला तर दांड्यांचे पैसे आधी तेथे खर्च करावेत.

आसच काढून टाकून दोन्ही चाके स्वतंत्र केली तर ही कटकट मिटेल असे कोणास वाटेल. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्रामध्ये तसे करून पाहिले. स्वतंत्र चाकांची ती सारी जुळणी जुन्या आसाच्याच जागी बोल्टांनी बसेल अशी बेतली होती, आणि तिच्या पोटात रबरी बुश आणखीच होते. २००३ साली त्याच गाडीला ३९० अश्वशक्तीचे, हवा दाबून भरणारे इंजिन मिळाले, तेव्हा तिची उसळी जुन्या आसाच्या गाड्यांनाही लाजविणारी ठरली. शर्यतीत उतरणाऱ्या कित्येकांनी ती नवी जुळणी काढून तेथे पुन्हा जुना अखंड आस बसविला.

आपल्याकडील प्रवासी गाड्यांत इंजिने इतकी बलवान नसल्याने चाकाची उसळी हा घरोघरचा प्रश्न झाला नाही. तथापि दांड्यांनी धरलेला अखंड आस येथे अपरिचित नाही. पुण्यात बनलेल्या १९९८ च्या टाटा सफारीला मागे मळसूत्री स्प्रिंगा आणि पाच दांड्या होत्या. नाशिकच्या महिंद्र थारच्या २०२० च्या आवृत्तीतही मागे अखंड आस आणि दांड्या आहेत. येथे बुशाला मारतो तो इंजिनाचा पीळ नव्हे, तर खड्डा. बुश फाटला की गाडी गिअर टाकताना पाठीमागून टक्‌ असा आवाज करते, ब्रेक लावताना किंचित बाजूला ओढते, आणि टायर विचित्र झिजतात. अमेरिकेतील जुन्या मस्टँगच्या बाबतीतही प्रथम हेच पाहावे असे अनुभवी मेकॅनिक सांगतात. पस्तीस-चाळीस वर्षे वयाच्या गाडीचे रबर मुळी रबर राहिलेलेच नसते. ते चिरलेले, नळीपासून सुटलेले असते. तेथे नवे साधे रबरी बुश घातले, मरगळलेले शॉकॲब्सॉर्बर बदलले, इंजिनाखालची तुटलेली रबरी बैठक नवी केली आणि टायरांतील हवा तपासली, तर उसळी कित्येकदा तेवढ्यानेच जाते, आणि महाग पोलादी दांड्यांची गरजच उरत नाही. हे कोणताही दांड्या विकणारा आपण होऊन सांगणार नाही, हे सांगण्याची गरज नाही.

ज्याला दांड्या बदलावयाच्याच आहेत, त्याने दोनतीन गोष्टी पाळाव्यात. १९७९ ते २००४ च्या मस्टँगमध्ये मागची स्प्रिंग खालच्या दांडीवरच बसलेली असते. बोल्ट काढताच ती साठविलेल्या शक्तीनिशी उसळते. म्हणून सांगाडा पक्क्या घोड्यांवर टेकवून, आसाखाली जॅक लावून तो हळूहळू खाली घेतल्यावाचून हात घालू नये. एका वेळी एकच बाजू सोडावी, म्हणजे आस आपली जागा सोडीत नाही. लांबी कमीजास्त करता येणाऱ्या वरच्या दांड्या घेतल्या, तर त्या मनास येईल तशा फिरवू नयेत. त्यांच्या लांबीवर आसाच्या नाकाचा कोन ठरतो, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कोन परस्परांस जुळले नाहीत तर वेगात साऱ्या गाडीला कंप सुटतो. पॉलियुरेथेनच्या बुशांना बसविताना ग्रीस भरपूर लावावे, नाही तर ते प्रत्येक खड्ड्याला किंचाळतात. आणि जेथे रबरी बुश ठेवले असतील, तेथील बोल्ट गाडी हवेत असताना पुरते आवळू नयेत. रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेले असते. लोंबत्या आसावर आवळले, तर गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. गाडीचे वजन चाकांवर पडू द्यावे, ती एकदोनदा दाबून सोडावी, आणि मगच बोल्ट ठरलेल्या मापाने आवळावेत. शंभरएक मैल चालविल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.